दुसऱ्यांच्या नावावरील कर्तृत्व : एल्विन जोन्स, ध्वनिमुद्रिका आणि रसिकांची स्मृती

१

एखादा थोर ड्रमवादक निवर्तला की जॅझचे रसिक त्याच्याविषयी बोलू लागतात, आणि हे बोलणे फार लवकर एका ठरावीक रूपात स्थिरावते. प्रत्येक जण आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिकांची नावे सांगतो. कोणी पाच सांगतो, कोणी दहा. कोणी एकाच ध्वनिमुद्रिकेतील विशिष्ट मिनिटाकडे बोट दाखवतो, तर कोणी इतरांनी न ऐकलेली एखादी तबकडी पुढे करतो. मृत्युलेखाची जागा सूची घेते. कवीच्या किंवा कादंबरीकाराच्या निधनानंतरही अशा याद्या होतात, परंतु त्या याद्यांतील पुस्तकांवर त्या लेखकाचेच नाव असते. ड्रमवादकाच्या बाबतीत तसे नसते. यादीतील बहुतेक कृती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर नोंदलेल्या असतात.

एल्विन जोन्स (१९२७–२००४) हे या परिस्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मिशिगन राज्यातील पाँटिअ‍ॅक येथे जन्मलेला, दहा भावंडांतील सर्वांत धाकटा. पियानोवादक हँक जोन्स आणि ट्रंपेटवादक थॅड जोन्स हे त्याचे थोरले भाऊ. १९६० पासून १९६६ च्या प्रारंभापर्यंत तो जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाच्या चमूत होता. १८ मे २००४ रोजी त्याचे निधन झाले. त्याला आठवताना रसिक ज्या ध्वनिमुद्रिकांची नावे घेतात त्यांत 'माय फेव्हरिट थिंग्ज', 'क्रेसेंट' आणि 'अ लव्ह सुप्रीम' या कोल्ट्रेनच्या असतात; 'अ नाइट अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' सनी रोलिन्सची, 'स्पीक नो ईव्हिल' वेन शॉर्टरची, 'द रिअल मॅकॉय' मॅकॉय टायनरची, 'मोशन' ली कोनिट्झची, 'युनिटी' लॅरी यंगची. जोन्सच्या स्वतःच्या नावावरच्या ध्वनिमुद्रिका संख्येने कमी नाहीत. परंतु अशा यादीत त्या बहुधा उत्तरार्धात येतात.

म्हणजे ज्याला 'एल्विन जोन्सची कृती' म्हणावे असे काही कोणत्याही विक्रीसूचीत एकत्र आढळत नाही. ते इतरांच्या कृतींत विखुरलेले आहे आणि रसिकांची यादी ते प्रथम एकत्र आणते. या यादीचे समीक्षादृष्ट्या स्थान कोणते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मराठी समीक्षेत रसिकाच्या अशा बोलण्याला 'आस्वाद' किंवा 'आठवणी' या कोटीत टाकून, समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच त्याचा सत्कार करण्याची रीत आहे. मूल्यमापन आणि विश्लेषण हे समीक्षेचे काम. आवड सांगणे हे तिच्या आधीचे, कच्चे पाऊल, असे गृहीत धरले जाते. ड्रमवादकाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. येथे आवडीची यादी समीक्षेच्या आधी येत नाही. समीक्षेला विषय मिळवून देणारी क्रिया तीच असते.

२

मिशेल फूको याने १९६९ मध्ये 'कर्ता म्हणजे काय' हा प्रश्न उपस्थित केला तेव्हा कर्त्याचे नाव हे व्यक्तीचा निर्देश करून थांबत नाही, ते संहितांचे वर्गीकरण करणारे कार्य पार पाडते, असे त्याचे प्रतिपादन होते. काही संहिता एका नावाखाली एकत्र येतात, काही वगळल्या जातात, आणि त्यांच्यात परस्परसंबंध गृहीत धरले जातात. ध्वनिमुद्रिकेच्या व्यवहारात हे कार्य वेष्टनावरील नाव करते. चमूचा नायक हा कर्ता, उरलेले साथीदार. ही केवळ छपाईची सोय नव्हे. प्रचलित पद्धतीत साथीदाराला मानधन मिळते ते सत्रापुरते, आणि रचनेचा हक्क नोंदला जातो तो स्वरावली ज्याच्या नावावर असेल त्याचा. ड्रमवादक स्वरावली लिहीत नाही. त्यामुळे एखाद्या कृतीचे सगळे चलनवलन त्याच्या हातापायांतून निघाले असले, तरी कायद्याच्या भाषेत त्याने काही 'रचलेले' नसते. कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न म्हणून येथे सिद्धांतापुरता राहत नाही. त्याला नावाची, मानाची आणि पैशाची बाजू आहे.

या व्यवस्थेला पहिला छेद रसिकांनीच दिला. १९३६ मध्ये शार्ल दलोने या फ्रेंच रसिकाने 'हॉट डिस्कोग्राफी' प्रसिद्ध केली, आणि ध्वनिमुद्रिकांची शास्त्रशुद्ध सूची हा प्रकार जॅझच्या अभ्यासात रुजला. विद्यापीठांना या संगीताचे सोयरसुतक नव्हते त्या काळातील ही गोष्ट आहे. अशा सूचीत प्रत्येक सत्राची तारीख आणि स्थळ यांच्यासह सर्व वादकांची नावे दिली जातात. वरकरणी हे कोरडे, कारकुनी काम. परंतु त्याचा सैद्धांतिक परिणाम मोठा आहे. वेष्टन एकाच नावाला कर्तेपण देते. सूचीत नायकाच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत ड्रमवादकाचे नाव येते, आणि मग त्या नावाचा धागा धरून दहा वेगवेगळ्या नायकांच्या ध्वनिमुद्रिकांतून प्रवास करता येतो. आजचा रसिक आवडीची यादी करतो तेव्हा तो या परंपरेचाच लहानसा प्रयोग करत असतो. नायकांच्या नावांनी लावलेले कपाट तो ड्रमवादकाच्या नावाने पुन्हा लावतो.

मराठी वाचकाला ही परिस्थिती परकी वाटण्याचे कारण नाही. ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रिकेत तबलजीचे नाव बहुधा बारीक अक्षरांत असते, आणि ठेक्यावर मैफलीचा तोल सांभाळणाऱ्याच्या कामाचे वर्णन 'समर्पक साथ' या दोन शब्दांत आटोपते. याहून जवळचा, प्रत्यक्ष जॅझशीच जोडलेला दाखला मुंबईचा आहे. हॉटेलांच्या नृत्यवृंदांत जॅझ वाजवणारे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा यांसारखे गोव्याचे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी यांनी तेथील तालवाद्यांचा नाद घडवला. संगीतकार आणि गायक यांची नावे तबकडीवर आली. ही नावे सहसा आली नाहीत. ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचा 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे ग्रंथ आल्यानंतर हा इतिहास सलगपणे वाचता आला. तोवर 'हा तुकडा कोणी वाजवला' याची विचारपूस करत राहणाऱ्या रसिकांच्या बोलण्यातच तो तगून होता. नाव विसरले जाणे हा अपघात नसतो. ती व्यवस्था असते. त्यामुळे नाव घेणे हीदेखील केवळ भावुकता राहत नाही.

३

परंतु नाव घेणे म्हणजे समीक्षा नव्हे. यादी समीक्षा कधी होते? दोन नोंदी शेजारी ठेवल्यामुळे तिसरी, दोहोंतही न सांगितलेली गोष्ट दिसू लागते तेव्हा. एल्विन जोन्सच्या संदर्भात रसिकांच्या बोलण्यात वारंवार येणाऱ्या काही जोड्या या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

पहिली जोडी 'माय फेव्हरिट थिंग्ज' या एकाच रचनेची आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये कोल्ट्रेनने ती जोन्ससह ध्वनिमुद्रित केली. जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात तीच रचना झाली तेव्हा ड्रमवर रॉय हेन्झ (१९२५–२०२४) होता. हे वादन १९६९ मध्ये 'सेल्फलेसनेस' या ध्वनिमुद्रिकेत आले. नायक तोच, रचना तीच, पियानोवादकही तोच. हेन्झच्या वादनात स्नेअर ड्रमचे आघात आखूड, टणक आणि लखलखीत आहेत; प्रत्येक आघात स्वतंत्र उद्गारासारखा ऐकू येतो आणि सॅक्सोफोनच्या वाक्यांना चटकन प्रत्युत्तर देतो. जोन्सच्या वादनात, तो या ध्वनिमुद्रणात पुढच्या मानाने संयतच असला तरी, आघात मोजता येत नाहीत. लय तेथे वर्तुळासारखी फिरते. तिच्या परिघावर कोठेही पाय ठेवला तरी चालते. १९६० चे वादन एकटेच ऐकणाऱ्याला वर्तुळ हा त्या रचनेचा गुण वाटेल. दोन्ही ऐकणाऱ्याला कळते की तो वादकाचा गुण आहे. साहित्यसमीक्षेत पाठभेदांची तुलना जे साधते, तेच येथे यादीतील दोन ओळी साधतात.

दुसरी जोडी १९६१ ची आहे. ऑगस्टमध्ये जोन्सने ली कोनिट्झच्या 'मोशन'साठी वादन केले: सॅक्सोफोन, बास आणि ड्रम एवढीच वाद्ये, परिचित गीतांच्या चौकटी, कोनिट्झचा कोरडा, हलका, मागे रेलणारा स्वर. नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये त्याने कोल्ट्रेनसह 'चेसिन द ट्रेन' वाजवले: सोळा मिनिटांच्या आसपास चाललेले, पियानोविरहित, धापा टाकायला लावणारे वादन. त्याच महिन्यात 'डाउन बीट' या नियतकालिकातून कोल्ट्रेनच्या संगीतावर 'जॅझविरोधी' असा शिक्का मारला गेला. जोन्सच्या वादनाचे 'गडगडाट', 'वादळ', 'ज्वालामुखी' असे वर्णन करण्याची जी सवय पुढे पडली, तिचा उगम नोव्हेंबरसारख्या वादनांत आहे. 'मोशन' ही सवय मोडते. तेथे आवाज खाली आला आहे, पण लयीची मांडणी बदललेली नाही. राइड सिंबल, स्नेअर, बास ड्रम आणि हाय-हॅट यांच्यात एका मात्रेचे तीन भाग वाटून देण्याची, चार हातपायांना चार बोलणारे करण्याची पद्धत तीच आहे. म्हणजे जोन्सचे वैशिष्ट्य ताकदीत नाही, वाटपात आहे. हा निष्कर्ष एका वाक्याचा असला तरी त्यामुळे त्याच्याविषयीचे निम्मे रूढ गद्य निरुपयोगी ठरते.

तिसरी जोडी डिसेंबर १९६४ ची. न्यू जर्सीतील एंगलवुड क्लिफ्स येथील रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ९ तारखेला 'अ लव्ह सुप्रीम' आणि २४ तारखेला 'स्पीक नो ईव्हिल' ध्वनिमुद्रित झाली. खोली एक, अंतर पंधरा दिवसांचे, ड्रमवादक एक. पहिलीत चार भागांची एकच प्रार्थना आहे. दुसरीत शॉर्टरच्या रेखीव, आटोपशीर रचना आहेत. पहिलीत जोन्स स्वरवाक्यांच्या कडा पुसून भाग एकमेकांत वाहू देतो. दुसरीत तोच रचनेचे सांधे उठून दिसतील अशा बेताने थांबे देतो. एकच लयदृष्टी दोन भिन्न रूपतत्त्वांची सेवा करते, आणि ती दोन्हींत ओळखू येते. कर्त्याच्या 'शैली'ची याहून नेटकी व्याख्या साहित्यविचारालाही सहज सुचणार नाही.

या तिन्ही जोड्यांत युक्तिवाद आहे, परंतु तो विधानांत नसून सन्निधीत आहे. यादी करणाऱ्याने तो बोलून दाखवला नाही तरी ऐकणाऱ्याला तो पुन्हा रचता येतो. जॅझच्या रसिकांमधील यादी-व्यवहार हा म्हणूनच सांघिक अर्थनिर्णयनाचा व्यवहार ठरतो. एकाने 'क्रेसेंट' म्हटले की दुसऱ्याने 'मोशन' म्हणणे, हे नुसते भर घालणे नसते. ती दुरुस्ती असते.

४

ड्रमवादकाच्या बाबतीत समीक्षेची रूढ साधने अपुरी का पडतात, हे पाहण्यासाठी एका गाजलेल्या लेखाकडे वळावे लागते. १९५८ मध्ये गुंथर शुलर याने सनी रोलिन्सच्या 'ब्लू सेव्हन' (१९५६) या वादनाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. उत्स्फूर्त वादनातही एका बीजकल्पनेचा विकास होऊ शकतो आणि त्यातून संपूर्ण कृतीला एकात्मता येते, हे त्याने स्वरलेखनाच्या आधारे दाखवले, आणि मॅक्स रोच या ड्रमवादकाच्या एकलवादनातही हीच विकासप्रक्रिया आहे असे नोंदवले. जॅझला 'रचना' म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणारा हा लेख होता. पण ती प्रतिष्ठा कोणत्या निकषावर मिळाली? सेंद्रिय एकात्मतेच्या; म्हणजे त्याच काळात साहित्यात संहितानिष्ठ समीक्षेने प्रस्थापित केलेल्या निकषावर.

मराठीत या निकषाचे सर्वांत काटेकोर रूप बा. सी. मर्ढेकर यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीतील घटकांची संघटना होते, हा त्यांचा सिद्धांत. मर्ढेकरांची 'लय' ही संघटनेची संज्ञा आहे, कालप्रवाहाची नव्हे. ती पूर्ण झालेल्या, चौकटीत बसलेल्या वस्तूकडे पाहते. शुलरचा रोच या चौकटीत बसतो. त्याचे एकलवादन आरंभ, विकास आणि समाप्ती असलेली वस्तू आहे. एल्विन जोन्स बसत नाही. त्याचे महत्त्वाचे काम एकलवादनात नाही. इतर वाजवत असताना तो जे करतो त्यात आहे. ते वेगळे काढून कागदावर उतरवले तर आकृती मिळते, अर्थ मिळत नाही. कारण ते संबंधरूप आहे. सॅक्सोफोनचे वाक्य चौथ्या मापावर संपत असताना जोन्सचे वाक्य पाचव्यावर जाऊन संपते; वादकाने आणि श्रोत्याने सम मनात धरायची असते, ती हातात दिली जात नाही. ठेका धरणाऱ्या साथीपेक्षा हे वेगळे आहे. म्हणूनच 'इंडिया' (१९६१) या कोल्ट्रेनच्या रचनेचे नाव पुढे करून जोन्सची लय भारतीय तालपद्धतीतून आली असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. त्या रचनेत भारतीय संगीताचे जे भान आहे ते मुख्यतः आधारस्वर आणि स्वरविस्तार यांच्या अंगाने आहे. जोन्सच्या त्रिभागी चलनाची मुळे आफ्रिकी-अमेरिकी परंपरेत आहेत, आणि तेथे त्यांना पुरेशी जमीन आहे.

संबंधरूप कृतीचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण 'अ लव्ह सुप्रीम'च्या 'साम' या चौथ्या भागात मिळते. या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कोल्ट्रेनची प्रार्थनापर कविता छापलेली आहे, आणि चौथ्या भागातील सॅक्सोफोनवादन म्हणजे त्याच कवितेचे, शब्द न उच्चारता, अक्षरागणिक केलेले पठण आहे. लुइस पोर्टर या अभ्यासकाने हे तपशिलाने दाखवून दिले आहे. येथे नियमित मात्राच नाही. तिसऱ्या भागाची सुरुवात एकट्याच्या वादनाने करणारा जोन्स चौथ्या भागात टिंपनीचा घुमारा आणि झांजांचे तरंग एवढेच देतो. काव्याच्या परिभाषेत बोलायचे तर सॅक्सोफोन ओळ म्हणतो आणि ड्रम ओळींमधला कोरा कागद होतो. कवितेच्या मुद्रित रूपात हा कोरा भाग कोणाच्याही नावावर नसतो. वादनात तो कोणीतरी वाजवावा लागतो.

जोन्सच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत वाद्यांच्या आवाजाखाली त्याचे हुंकार आणि कण्हणे ऐकू येते. रसिकांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख आवर्जून होतो. विश्लेषक ते गाळतात, कारण ते स्वरलिपीत बसत नाहीत. रोलाँ बार्थ याने १९७२ मध्ये आवाजाच्या 'पोता'विषयी लिहिताना गाणाऱ्या देहाचा जो अंश अर्थाच्या पलीकडे उरतो त्याकडे लक्ष वेधले होते. जोन्सचे हुंकार हा त्या पोताचा वाद्यसंगीतातील प्रत्यय आहे. स्मृतीने जे टिपले ते विश्लेषणाने वगळले, याचा अर्थ स्मृती ढिसाळ आहे असा होत नाही. विश्लेषणाचे जाळे कोणत्या मापाचे विणलेले आहे, एवढाच त्यावरून बोध होतो.

५

तथापि रसिकांच्या यादीला समीक्षेचा दर्जा द्यायचा तर तिच्यावर समीक्षेच्या जबाबदाऱ्याही टाकल्या पाहिजेत. यादीच्या तीन मर्यादा गंभीर आहेत.

पहिली मर्यादा माध्यमाची. रसिक ज्याला वादकाची स्मृती म्हणतो ती पुष्कळदा मायक्रोफोनची स्मृती असते. २०२३ मध्ये 'इव्हनिंग्ज अ‍ॅट द व्हिलेज गेट' ही कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ऑगस्ट १९६१ मधील ते ध्वनिमुद्रण तेथील नवी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी एकाच मायक्रोफोनने केले गेले होते, आणि ते न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात पडून होते. त्यात ड्रम इतके पुढे आहेत की ऐकणाऱ्याला हा जोन्सचाच कार्यक्रम वाटावा. स्टुडिओतील अनेक मायक्रोफोनांचे मिश्रण नायकाला पुढे आणते. एकटा मायक्रोफोन जो जवळ आणि जो जोरकस त्याला. दोन्हींपैकी एक 'खरे' आणि दुसरे 'विकृत' म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मायक्रोफोनची जागा हाच पहिला अभिप्राय असतो. रसिकाचा अभिप्राय त्यानंतरचा. मरणोत्तर बाहेर येणाऱ्या ध्वनिमुद्रिकांमुळे ही गोष्ट अधिक ठळक झाली आहे. मार्च १९६३ चे 'बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स' २०१८ मध्ये आले, ऑक्टोबर १९६५ चे सिअ‍ॅटलमधील 'अ लव्ह सुप्रीम' २०२१ मध्ये. दिवंगत वादकाची कृती मृत्यूनंतरही वाढत राहते, आणि कालची यादी आज अपुरी ठरते.

यालाच जोडून, जे ध्वनिमुद्रित झाले नाही ते यादीत येऊच शकत नाही. १९४६ ते १९४९ या लष्करातील काळानंतर जोन्सची घडण डेट्रॉइटच्या 'ब्लू बर्ड इन'सारख्या ठिकाणी, रोजच्या वादनातून झाली. वर्तुळाकार लय तेथे कशी जुळत गेली, हे सांगणारी तबकडी रसिकाच्या हातात नाही. परिणामी यादीतला जोन्स १९५७ च्या सुमारास अचानक तयार होऊन उभा राहतो. प्रतिभेच्या 'उत्स्फूर्त' आविष्काराची मिथके अशा पोकळ्यांतच जन्माला येतात.

दुसरी मर्यादा प्रतिमानाची. जोन्सच्या आठवणी १९६० ते १९६५ या काळाभोवती दाटतात. नोव्हेंबर १९६५ च्या 'मेडिटेशन्स'मध्ये कोल्ट्रेनने रशीद अली हा दुसरा ड्रमवादक सोबत घेतला आणि पुढच्या वर्षाच्या प्रारंभी जोन्स बाहेर पडला. रसिकांच्या कथनात येथे पडदा पडतो. यानंतर तो अडतीस वर्षे वाजवत होता. ९ सप्टेंबर १९७२ रोजी, आपल्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, डेव्ह लीबमन, स्टीव्ह ग्रॉसमन आणि जीन पेर्ला यांच्यासह त्याने 'लाइव्ह अ‍ॅट द लाइटहाउस'चे वादन केले; दोन सॅक्सोफोनवादकांच्या एका पिढीने ते पाठ करून ठेवले. २००१ मध्ये बिल फ्रिझेल आणि डेव्ह हॉलंड यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या लयीचे उतारवयातील, विरळ रूप ऐकू येते. तरुण वादकांना वर्षानुवर्षे सोबत घेऊन घडवणारा नायक ही त्याची दुसरी कारकीर्द पहिलीचा उपसंहार नाही. ती तशी भासते, कारण ड्रमवादकाला नायकाच्या नावाच्या सावलीतून सोडवू पाहणारी यादी त्याच नावाच्या महत्त्वाने आपल्या नोंदी निवडते. म्हणजे कोल्ट्रेनच्या नावाचे वर्गीकरण-कार्य रसिकांच्या बंडातही चालूच राहते.

तिसरी मर्यादा आख्यायिकेची. अखेरच्या महिन्यांत प्राणवायूच्या नळकांड्याच्या आधाराने जोन्स व्यासपीठावर बसत असे, ही आठवण सांगितल्यावाचून त्याच्याविषयीचे बोलणे सहसा पुरे होत नाही. ती सांगू नये असे नाही. पण अशा आठवणीत वादक सोसणाऱ्या देहाचे प्रतीक होतो आणि त्या वादनात काय घडत होते हा प्रश्न मागे पडतो. अमिरी बराका याने (तेव्हाचा लेरॉय जोन्स) १९६३ मध्ये जॅझच्या गोऱ्या समीक्षकांवर घेतलेला मूलभूत आक्षेप येथे स्मरणीय आहे. संगीत ज्या जीवनदृष्टीतून येते ती बाजूला सारून समीक्षक नादाचे गुणदोष मोजतात, असे त्याचे म्हणणे होते. रसिक-स्मृती वादकाचे माणूसपण जपते म्हणून ती या आक्षेपातून सुटते असे वाटेल. प्रत्यक्षात गडगडाटाच्या, आदिम शक्तीच्या आणि सोसण्याच्या प्रतिमा कृष्णवर्णीय वादकाकडून त्याची बुद्धी काढून घेतात. चार अवयवांत तीन-तीन भागांचे वाटप करणे आणि सम न दाखवता ती सर्वांच्या मनात टिकवणे ही वैचारिक कामगिरी आहे. तिला निसर्गशक्तीची उपमा देणे हा गौरवाच्या वेषातील अनादर होय.

६

या विवेचनातून रसिकाची आठवण आणि समीक्षा यांच्यातील सीमारेषा नव्याने आखता येते. 'आस्वाद' आणि 'समीक्षा' अशी दोन कप्प्यांची विभागणी, निदान प्रयोगरूप आणि सांघिक कलांच्या बाबतीत, फारशी उपयोगी नाही. ज्या कलाव्यवहारात कर्तृत्वाची नोंदच चुकीच्या नावावर होते, तेथे विश्लेषणाचा विषय प्रथम जमवावा लागतो, आणि ते जमवण्याचे काम ऐकणारेच करू शकतात. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचाराच्या स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली. रसिकाची यादी या दोन्ही ध्रुवांना एकाच वेळी स्पर्श करते. ती कृतीतील सूक्ष्म भेद ऐकते म्हणून स्वायत्ततेच्या बाजूची. आणि ती नाव, श्रेय व ऋण यांचा हिशेब मांडते म्हणून लौकिकाची.

यादीला समीक्षेत प्रवेश द्यायचा तर अटी दोन. नोंदींच्या सन्निधीतून भेद दिसला पाहिजे; आणि यादी कोणत्या मायक्रोफोनच्या, कोणत्या नायकाच्या, कोणत्या आख्यायिकेच्या आधाराने झाली याचे भान यादी करणाऱ्याला असले पाहिजे. पहिली अट पुष्कळ याद्या पुऱ्या करतात, दुसरी फार थोड्या. तेथे सैद्धांतिक समीक्षेचे काम सुरू होते. ते काम रसिकाला उंबरठ्यावर थांबवण्याचे नाही. त्याने आणलेल्या ऐवजाची मोजदाद त्याच्याबरोबर बसून करण्याचे आहे.

एल्विन जोन्स ज्या ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो त्यांपैकी बहुतेक पुढेही इतरांच्याच नावांनी विकल्या जातील, आणि त्यात बदल होण्याचा संभव नाही. तो फक्त ऐकण्यात होऊ शकतो. 'अ लव्ह सुप्रीम' कोल्ट्रेनची म्हणून ऐकणारा आणि ती चौघांची म्हणून ऐकणारा, या दोघांच्या कानांवर पडणारा नाद एकच असतो. दोघे ऐकतात ती कृती मात्र एक नसते.